एका टोपीची ओळख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि शिवकाल असे भारदस्त विषय झाल्यानंतर आमच्यासारख्याने टोप्यांवर बोलावे, यात काही औचित्यभंग होत असेल तर त्याचा निम्मा दोष कार्यवाहांकडे जातो. त्यांनी आमच्या घरी एक जुनी टोपी पाहिली आणि "यावरच बोला" असा आग्रह धरला. शिवाय टोपी हा विषय मराठी माणसाला परका नाही. पगडी, पागोटे, फेटा, मुंडासे आणि गांधी टोपी यांवरून माणसाचे गाव, व्यवसाय आणि राजकारण ओळखण्याची विद्या आपल्या आज्यापणज्यांना अवगत होती. फसवणुकीलाही आपण 'टोपी घालणे' असेच म्हणतो. त्या अर्थाने आम्हालाही एकदा टोपी घातली गेली. तो प्रसंग पुढे येईलच.

आम्ही ज्या टोपीविषयी बोलणार आहोत ती जर्मन आहे. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढलेल्या जर्मन सैनिकाची ती टोपी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात उसाच्या फडात अनेक वर्षे वापरली गेली. ती तिथे कशी आली, हे आधी सांगितले पाहिजे.

आमचे मामा त्या वेळच्या हिंदी सैन्याच्या रसद विभागात मोटारचालक होते. १९४३ च्या मे महिन्यात चौथ्या हिंदी डिव्हिजनबरोबर ते ट्युनिशियात होते. १२ मे रोजी जर्मनांचा सेनापती फॉन आर्निम याने याच डिव्हिजनपुढे शरणागती पत्करली आणि दुसऱ्या दिवशी आफ्रिकेतील युद्ध संपले. रस्त्याच्या दुतर्फा युद्धकैद्यांच्या रांगा बसल्या होत्या. मामांच्या लॉरीला पाण्याची छागल टांगलेली होती. एका तरुण कैद्याने तिच्याकडे बोट दाखवले. मामांनी त्याला पोटभर पाणी पाजले, आणि त्याने डोक्यावरची टोपी काढून मामांच्या हातात ठेवली. हा प्रसंग मामा एकाच वाक्यात सांगत असत : "त्याला पानी पायजे व्हतं, मला सावली."

ही टोपी म्हणजे नेमके काय, हे आम्हाला पुढे अनेक वर्षांनी कळले. ती माहिती आता क्रमाने सांगतो.

जर्मनीला आफ्रिकेत लढण्याची वेळ येईल असे युद्धाच्या आरंभी फारसे कुणाला वाटले नव्हते. इटलीच्या सैन्याची लिबियात दाणादाण उडाल्यावर १९४१ च्या फेब्रुवारीत रोमेल ट्रिपोलीला उतरला आणि 'आफ्रिका कोअर' या नावाने प्रसिद्ध झालेली सेना उभी राहिली. तिच्यासाठी उष्ण कटिबंधाचा खास गणवेश तयार झाला. त्यात पहिले स्थान होते सोला हॅटच्या जातीच्या शिरस्त्राणाला. बुचाच्या सालीचे, वरून कापड मढवलेले असे हे शिरस्त्राण असे. पुढे ते दाबलेल्या नमद्याचेही निघाले. त्याच्या दोन बाजूंना धातूच्या दोन छोट्या ढाली असत : उजवीकडे काळ्या-पांढऱ्या-तांबड्या राष्ट्रीय रंगांची, डावीकडे गरुडाची. दिसायला हे रुबाबदार होते, पण रणगाड्यात शिरताना किंवा खंदकात वाकताना ते अडचणीचे ठरे. आघाडीवरच्या सैनिकांनी ते लवकरच बाजूला ठेवले आणि कापडी टोपी पत्करली.

कापडी टोप्या मुख्यतः दोन प्रकारच्या होत्या. एक बिनछज्जाची, घडी घालून पट्ट्यात खोचता येणारी. जर्मन सैनिक तिला 'छोटी होडी' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आपल्या गांधी टोपीचीच ही दूरची बहीण म्हणावी. दुसरी लांब छज्जाची, पहाडी पलटणींच्या टोपीवरून बेतलेली. डोळ्यांवर सावली पडावी म्हणून तिचा छज्जा पहाडी टोपीपेक्षा लांब ठेवला होता. मामांची टोपी या दुसऱ्या जातीची. कापड सुती, विणीत तिरप्या रेघा असलेले. आत तांबडे अस्तर. दोन्ही बाजूंना वारा खेळावा म्हणून धातूची बारीक भोके. बाजूची पट्टी कानांवर ओढून घेता येईल अशी दिसते, पण ती नुसती देखाव्यापुरती शिवलेली असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सिनेमामुळे आपल्याला वाटते की या सेनेचा गणवेश वाळूच्या रंगाचा होता. वस्तुतः लष्कराचे हे कापड कोठारातून निघताना ऑलिव्ह हिरव्या रंगाचे असे. ऊन, घाम आणि खारे पाणी यांनी ते विटून पिवळसर, मग जवळजवळ पांढुरके होई. विटलेली टोपी ही अनुभवी सैनिकाची खूण मानली जाई. त्यामुळे नव्याने आलेले शिपाई आपली हिरवी टोपी मुद्दाम रसायनात बुडवून पांढरी करीत, असे त्या सेनेतील लोक सांगत. आपल्याकडे नवा वारकरी जुन्या वारकऱ्याच्या चिपळ्या कौतुकाने न्याहाळतो, त्यातलाच हा प्रकार. आणि जगभर छायाचित्रांतून पोहोचलेला स्वतः रोमेल बहुधा ही टोपी घालीतच नसे. तो आपली नेहमीची ताठ अधिकारी टोपी घाली आणि तिच्यावर १९४१ च्या एप्रिलमध्ये मेचिली येथे ब्रिटिशांच्या लुटीतून मिळालेला धुळीचा चष्मा चढवी. जर्मन सेनापतीची जगप्रसिद्ध खूण अशी इंग्रजी मालाची होती!

आता टोपीवरील चिन्हांकडे वळू, कारण ओळखण्याची खरी विद्या तिथेच आहे. समोर वरच्या बाजूला पंख पसरलेला गरुड असतो. लष्कराच्या टोपीवर तो निळसर-राखाडी धाग्याने तपकिरी पट्टीवर विणलेला असतो. वायुदलाचा गरुड उडत्या पवित्र्यात असतो, नौदलाचा सोनेरी-पिवळ्या धाग्यांचा असतो. गरुडाखाली तीन रंगांचे वर्तुळ असते : बाहेर काळे, मध्ये पांढरे, आत तांबडे. त्या वर्तुळावर सुरुवातीच्या काळात उलट्या 'व्ही' अक्षराच्या आकाराची एक रंगीत दोरी शिवलेली असे. या दोरीच्या रंगावरून सैनिकाचा विभाग कळे : पांढरा पायदळाचा, तांबडा तोफखान्याचा, गुलाबी रणगाड्यांचा, काळा अभियंत्यांचा, लिंबासारखा पिवळा संदेशवहनाचा. अधिकाऱ्याच्या टोपीला कडेने रुपेरी गोट असे, सेनापतीच्या टोपीला सोनेरी. १९४२ च्या सप्टेंबरात ही रंगीत दोरी काढून टाकण्याचा आदेश निघाला. हा महिना संग्राहकाने पाठ करावा, कारण जुन्या टोप्यांची कुंडली मांडताना तो पंचांगासारखा उपयोगी पडतो.

टोपीप्रमाणेच बाहीवरच्या पट्ट्यांनाही संग्राहक फार मान देतात. त्यांत दोन पट्ट्यांची सरमिसळ नेहमी होते. १९४१ च्या जुलैत सुरू झालेली गडद हिरवी पट्टी 'आफ्रिकाकोअर' असा मजकूर मिरवते. ती त्या सेनेचा घटक असल्याची खूण होती. १९४३ च्या जानेवारीत सुरू झालेली दुसरी पट्टी पिंगट रंगाची असून तिच्यावर 'आफ्रिका' या शब्दाच्या दोन्ही अंगांना ताडाची झाडे आहेत. ती त्या मोहिमेतील सेवेचा सन्मान होती. एक ओळख, दुसरी गौरव. मंडळाचा सभासद-बिल्ला आणि मंडळाने दिलेले मानपत्र यांत जो फरक, तोच येथे आहे.

आता आमच्या फजितीची कथा. मामांच्या टोपीवरून आम्हाला हा नाद लागला आणि नोकरीच्या बऱ्या दिवसांत आम्ही एका महानगरातील जुन्या बाजारातून तशीच दुसरी टोपी विकत घेतली. गरुड होता, वर्तुळ होते, तांबडी दोरी होती, आत १९४१ चा शिक्का होता. विक्रेत्याने तिच्याबरोबर एका कर्नलसाहेबांची रसाळ कथाही दिली, आणि कथेची किंमत टोपीत धरली. घरी येऊन भिंगाखाली पाहिले तेव्हा शिवणीचा दोरा फारच चकचकीत वाटला. त्याचे एक टोक मेणबत्तीच्या ज्योतीवर धरले. सुती दोरा जळून कागदासारखा वास येतो आणि राख उरते. हा दोरा वितळला आणि त्याची कडक काळी गोळी झाली. म्हणजे तो पॉलिएस्टरचा होता. पॉलिएस्टरच्या धाग्याचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला आणि तो बाजारात आला युद्ध संपल्यानंतर. तेव्हा १९४१ साली जर्मन कारखान्यात शिवलेल्या टोपीत तो असणे शक्य नव्हते. आम्हाला अक्षरशः टोपी घातली गेली होती.

त्या फजितीने आम्हाला चार नियम शिकवले. पहिला : कथा विकत घेऊ नये, वस्तू पाहावी. दुसरा : चिन्हाखाली पाहावे. खरा गरुड वर्षभर उन्हात राहिला असेल तर त्याच्याखालचे कापड भोवतालच्या कापडापेक्षा गडद राहते. विटलेल्या टोपीवर काल शिवलेल्या गरुडाखाली कापड तितकेच विटलेले सापडते. तिसरा : आतला शिक्का पाहावा, पण त्यावर विसंबू नये. सुरुवातीच्या टोप्यांत माप, वर्ष आणि कारखान्याचे नाव असते, पुढे कारखान्याच्या नावाऐवजी लांबलचक क्रमांक आला. शिक्के मात्र आजही कुणीही बनवू शकतो. चौथा : कोणत्याही एका परीक्षेवर निकाल देऊ नये. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली नवे कापड निळसर चमकते, जुने सुती कापड चमकत नाही, म्हणून अनेक जण तेवढ्यावर निवाडा करतात. पण ही चमक येते ती शुभ्रता वाढवणाऱ्या रसायनांमुळे, आणि तीच रसायने आजच्या कपडे धुण्याच्या पावडरीत असतात. मामांची टोपी या दिव्याखाली दिवाळीच्या पणतीसारखी उजळते! कारण आमच्याकडे पाठवण्यापूर्वी मामेवहिनींनी ती पाहुण्याकडे जायची म्हणून स्वच्छ धुतली होती. दिव्याने तिला खोटी ठरवले. वहिनींच्या एका वाक्याने ती पुन्हा खरी झाली.

मामांच्या टोपीवर आज गरुड नाही, वर्तुळ नाही, दोरी नाही. पण नीट पाहिले तर गरुडाच्या आकाराचा गडद ठसा दिसतो आणि त्याच्याखाली उलट्या 'व्ही'ची अंधुक सावली. याचा अर्थ, ही टोपी १९४२ च्या सप्टेंबरापूर्वी वाळवंटात वापरात होती. नंतर आदेशाप्रमाणे दोरी काढली गेली आणि तरीही आठ-नऊ महिने ती त्याच डोक्यावर राहिली. शिवणीच्या दोन छिद्रांत पिवळे तंतू अडकलेले आहेत. तो रंग लिंबाचा असेल तर टोपीचा मालक संदेशवाहक होता. पण टेहळणी पथकांचा सोनेरी पिवळा रंगही विटल्यावर असाच दिसतो. म्हणून आम्ही चिठ्ठीवर 'बहुधा संदेशवहन विभाग' असे लिहिले आहे. संग्राहकाच्या शब्दकोशातला सर्वांत प्रामाणिक शब्द 'बहुधा' हाच होय.

मग गरुड कुठे गेला? हे सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत.

मामा सैन्यातून परतले तेव्हा टोपी खुंटीला टांगली. मामींनी ती हातात घेतली आणि गरुडाच्या पायाशी त्यांना स्वस्तिक दिसले. किंचित तिरके, ठिपके नसलेले, पण स्वस्तिकच. "याला घाम लागू द्यायचा न्हाई," असे म्हणून त्यांनी सुईच्या टोकाने टाका टाका उसवून गरुड सोडवला, देवघरात ठेवला, आणि दर शुक्रवारी त्याला हळदकुंकू वाहिले. मामांनी त्यावर काही म्हटले नाही. त्यांनी बिनगरुडाची टोपी डोक्यावर घातली आणि उसाला पाणी द्यायला गेले.

१९६१ साली जेरुसलेमला आइखमानवर खटला चालला. त्याचे वृत्तान्त मराठी वृत्तपत्रांत येत होते आणि गावच्या पारावर शाळामास्तर ते वाचून दाखवीत. आम्ही सुट्टीसाठी गेलो होतो, वय दहा-अकरा. साठ लाख ज्यूंची हत्या, त्यांत लहान मुलेसुद्धा, आणि ती करणाऱ्या राजवटीचे चिन्ह कोणते, हे मास्तरांनी वाचले. मामा न बोलता उठले, घरी आले आणि देवघरासमोर उभे राहिले. मामींना म्हणाले, "ते काढ."

मामींनी विचारले, "स्वस्तिकाचा काय दोस?"

मामा म्हणाले, "स्वस्तिकाचा न्हाई. पन हे आपलं न्हवं."

मामींनी हळदकुंकवासकट तो गरुड पत्र्याच्या डबीत घातला आणि डबी ट्रंकेच्या तळाशी गेली. त्या दिवसानंतर मामांनी ती टोपी पुन्हा घातली नाही.

बंधुभगिनींनो, आपण सारे महाराष्ट्रापासून दूर राहणारे. आपल्या दारावर आपण स्वस्तिक काढतो आणि परदेशी शेजारी किंवा परदेशात शिकणारी आपलीच नातवंडे त्याचा अर्थ विचारतात. उत्तर देताना पुष्कळ जण सांगतात की आपले उजवीकडे वळते, त्यांचे डावीकडे. हे खरे नाही. दोन्ही एकाच दिशेने वळतात. फरक रेषांत नाही, त्या रेषांच्या नावाने काय केले गेले यात आहे. जर्मनीत आज हे चिन्ह सार्वजनिक ठिकाणी मिरवणे गुन्हा आहे. संशोधन, अध्यापन आणि कला यांपुरती सवलत आहे. आम्हालाही विचारले जाते, "अशा वस्तू घरात ठेवताच कशाला?" आमचे उत्तर असे की, त्या आम्ही भिंतीवर लावत नाही. पेटीत, चिठ्ठीसह ठेवतो. वस्तू नष्ट केल्याने घटना नष्ट होत नाही; उलट 'असे काही घडलेच नाही' म्हणणाऱ्यांची सोय होते.

या वाळवंटात आपली माणसे किती होती, हेही आपण विसरत चाललो आहोत. १९४२ च्या जूनमध्ये टोब्रुक पडले तेव्हा मराठा पलटणीची दुसरी बटालियन तिथे वेढ्यात सापडली आणि कैद झाली. पुढे इटलीत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून वीरमरण पत्करले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी अवस्थेत पराक्रम गाजवला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसरीकडे, आफ्रिकेत कैद झालेल्या हिंदी सैनिकांतूनच नेताजी सुभाषबाबूंनी जर्मनीत 'आझाद हिंद' पलटण उभी केली. तिच्या बाहीवर केशरी-पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांवर झेप घेणारा वाघ होता आणि वर जर्मन भाषेत 'स्वतंत्र भारत' अशी अक्षरे. आज या वाघाच्या ढालीच्या नकला बाजारात मूळ ढालींपेक्षा अधिक दिसतात. एकाच जिल्ह्यातली माणसे दोन गणवेशांत उभी राहिली, आणि दोन्हीकडच्या मनांत घर होते. त्यांचा निवाडा एका वाक्यात करू पाहणाऱ्याला आमचा चौथा नियम आठवावा.

मामा-मामींच्या पश्चात ट्रंक आमच्याकडे आली. डबी उघडली तेव्हा गरुड तसाच होता, आणि त्याच्या पंखावर हळदीचा पिवळा डाग. उन्हात हळद उडून जाते; डबीच्या अंधारात ती टिकली होती. एका व्यापाऱ्याला आम्ही दोन्ही वस्तू दाखवल्या. तो म्हणाला, "डाग काढून देतो, गरुड जुन्याच छिद्रांतून परत शिवून देतो. किंमत चौपट होईल." त्याचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. गरुड खरा, टोपी खरी, छिद्रेही खरी. पण त्या तिन्ही खऱ्या गोष्टी जोडल्या असत्या तर एक खोटी वस्तू तयार झाली असती; जिला पाण्याची छागल ठाऊक नाही, उसाचा फड ठाऊक नाही, आणि मामांचे "हे आपलं न्हवं" हे शब्दही ठाऊक नाहीत.

आम्ही टोपी आणि गरुड वेगवेगळ्या पाकिटांत ठेवले. एकावर कुणाकडून, केव्हा, कुठे मिळाली ते लिहिले. दुसऱ्यावर लिहिले : 'मामींनी उसवला. डाग हळदीचा आहे. धुऊ नये.'

समारोपादाखल एक विनंती. मंडळाच्या कपाटात पन्नास वर्षांचे बिल्ले, ढाली, नाटकांची छायाचित्रे आणि पहिल्या गणेशोत्सवाची वर्गणीची पावतीपुस्तके आहेत. कार्यवाहांनी ती आम्हाला दाखवली. निम्म्या छायाचित्रांच्या पाठीमागे नाव नाही. ज्यांना त्यांतले चेहरे ओळखता येतात ती मंडळी आज पहिल्या दोन रांगांत बसलेली आहेत. उद्या शताब्दीला कुणी ती छायाचित्रे भिंगाखाली धरील, ठसे आणि सावल्या शोधील, आणि फार तर 'बहुधा' असे लिहील. आपण आज पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या तर त्याला 'बहुधा' लिहावे लागणार नाही.

चहापानानंतर ती छायाचित्रे मागच्या टेबलावर मांडली जातील. पेन्सिली आम्ही आणल्या आहेत.